हेड कापलेल्या, कॅम बदललेल्या एस्टीमचे कॉम्प्रेशन कमी येते: बोअर करावे का?

पलासियाकर (इंदूर)

माझ्याकडे १९९८ ची कार्ब्युरेटरवाली मारुती एस्टीम आहे. इंजिन १२९८ सीसीचे, आठ व्हॉल्व्हचे आणि एकाच ओव्हरहेड कॅमचे आहे. तीन वर्षांपूर्वी मी हेड (सिलिंडरांवरचे झाकण) ०.८ मिलिमीटर कापून घेतले, कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) पुन्हा ग्राइंड करून घेतला, चार-दोन-एक पद्धतीचा एक्झॉस्ट बसवला आणि त्याप्रमाणे कार्ब्युरेटरमधले, पेट्रोल सोडणारे जेट बदलले. ब्लॉक, पिस्टन व रिंगा मूळच्याच आहेत. तेव्हापासून गाडी सुमारे अठरा हजार किलोमीटर चालली आहे.

गेल्या दोन महिन्यांपासून आयडलवर इंजिन किंचित थरथरते. सिमरोलच्या पुढे खंडवा रस्त्यावरील घाट चढताना दुसऱ्या गिअरमध्ये पूर्वीचा जोर राहिलेला नाही. प्लग, वायरी व डिस्ट्रिब्युटर कॅप नवी टाकूनही फरक पडला नाही. म्हणून एका गॅरेजमध्ये कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबलेल्या हवेचा दाब, तपासले. पहिल्या ते चौथ्या सिलिंडरचे आकडे अनुक्रमे १३८, १३६, १०८ आणि १३४ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) आले. मेकॅनिकने सांगितले की इंजिन बसले आहे, बोअर करून (सिलिंडर आतून कापून मोठा करून) ओव्हरसाइज पिस्टन टाकण्यावाचून इलाज नाही. दुसऱ्या एका मिस्त्रींचे म्हणणे असे की हेड कापलेल्या इंजिनाने २०० च्या पुढे गेलेच पाहिजे, तेव्हा हा प्रश्न विचारण्यासारखाही नाही.

गाडी तेल जाळत नाही. सकाळी पहिल्या सेल्फलाच सुरू होते आणि सायलेन्सरमधून निळा धूर येत नाही. त्यामुळे बोअरचा सल्ला माझ्या गळी उतरत नाही. कंपनीच्या पुस्तकातील आकडा अशा बदललेल्या इंजिनाला लावावा का, आणि लावू नये तर मग कशाशी तुलना करावी, हे कृपया कोणी सविस्तर सांगावे.

जुना फिटर (इंदूर)

आकड्यांविषयी बोलण्याआधी ते कसे घेतले हे सांगा. इंजिन गरम होते का, चारही प्लग काढले होते का, थ्रॉटल पूर्ण उघडा होता का आणि बॅटरी कशी होती? या चार गोष्टी कळल्याशिवाय १०८ हा आकडा सिलिंडरचा आहे की मोजणाऱ्याच्या घाईचा, हे ठरवता येत नाही.

पलासियाकर

गाडी रात्रभर उभी होती, म्हणजे इंजिन थंड होते. एका वेळी एकच प्लग काढला होता. थ्रॉटलला कोणी हात लावल्याचे मला आठवत नाही. बॅटरी चार वर्षांची आहे. शेवटच्या सिलिंडरपर्यंत सेल्फचा आवाज जड झाला होता हे मात्र नक्की.

जुना फिटर (इंदूर)

तर मग ते चारही आकडे खोडून टाका. थ्रॉटल बंद असेल तर सिलिंडरला श्वास घ्यायला हवाच मिळत नाही. जी आत गेलीच नाही ती दाबली कशी जाणार? तीन प्लग जागेवर असले की सेल्फला त्या तीन सिलिंडरांचाही दाब ओढावा लागतो, फेरे मंदावतात आणि मंद फेऱ्यात हवेला रिंगांच्या फटीतून निसटायला जास्त वेळ मिळतो. त्यात बॅटरी दमत गेली असेल तर शेवटच्या सिलिंडरवर विनाकारण अन्याय होतो. थंड इंजिनात पिस्टन पुरेसा फुगलेला नसतो, हा आणखी एक भाग.

आता पद्धत सांगतो. ती कंटाळवाणी वाटेल, पण यात पायरी गाळली की आकडा गेला. गाडी वीस मिनिटे चालवून आणा, म्हणजे नुसते पाणी नव्हे, तेलही गरम होईल. प्लग काढण्याआधी त्यांच्या खड्ड्यांतील धूळ हवेने उडवा, नाहीतर ती थेट सिलिंडरमध्ये जाते. इग्निशन कॉइलची सप्लाय वायर काढा. ही गोष्ट हसण्यावारी नेऊ नका, कारण उघड्या प्लगच्या भोकांतून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते आणि शेजारी मोकळी लोंबणारी एचटी वायर (प्लगला वीज नेणारी) ठिणगी टाकत असते. टाकीकडून पंपाला येणारी नळी काढून तिचे तोंड बंद करा. आपल्या गाडीचे जेट वाढवलेले आहेत, त्यामुळे सेल्फ मारताना जास्तीचे पेट्रोल आत जाऊन सिलिंडरच्या भिंतीवरील तेल धुऊन निघाले तर आकडा तेवढ्यानेच पडतो. चोक पूर्ण उघडा ठेवा आणि कोणाला तरी ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून बसायला सांगा. चार्जर लावता आला तर लावाच.

गेज आट्याचे वापरा. रबरी टोक हाताने दाबून धरायचे गेज मी चाळीस वर्षांत अनेकदा वापरले आणि प्रत्येक वेळी हात थोडा ढिला पडला की काय अशी शंका राहिली. सेल्फ मारून प्रत्येक सिलिंडरला सहा दाब (दाबाच्या सहा फेऱ्या) मोजून द्या. ‘मोजून’ यासाठी म्हणतो की सुई प्रत्येक दाबाबरोबर एक झटका घेते. पहिल्या झटक्याला सुई कुठे गेली ते एका रकान्यात आणि शेवटी कुठे थांबली ते दुसऱ्या रकान्यात लिहा. निरोगी सिलिंडर पहिल्याच झटक्यात निम्म्याच्या वर जातो आणि पुढे लवकर स्थिरावतो. रिंगा गेलेल्या असतील तर पहिला झटका कमी, मग सुई पायरी-पायरीने चढत राहते. व्हॉल्व्ह गळत असेल तर पहिला झटकाही कमी आणि नंतरची चढणही खुंटलेली. शेवटचा आकडा सगळेच लिहितात, चढण फार थोडे लिहितात.

ही पहिली फेरी झाली की प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे इंजिन ऑइल टाकून तीच मोजणी पुन्हा करा. तेलाने आकडा भराभर वाढला तर रिंगा. वाढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट (हेड आणि ब्लॉक यांमधले पॅकिंग). दोन शेजारचे सिलिंडर बरोबरीने कमी असतील तर त्यांच्यामधल्या हेड गॅस्केटवर आधी संशय घ्यावा.

लष्करवाला (ग्वाल्हेर)

जुन्या फिटरकाकांची पद्धत योग्य आहे. परंतु ‘थोडे तेल’ या दोन शब्दांवर माझा आक्षेप आहे, कारण याच दोन शब्दांनी मला एकदा विनाकारण रिंगा बदलायला लावल्या.

तेल दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये जितके तेल, तितकी दहनकक्षाची जागा कमी. पलासियाकरांच्या इंजिनाचा बोअर ७४ आणि स्ट्रोक ७५.५ मिलिमीटर, म्हणजे एका सिलिंडरचे आकारमान सुमारे ३२५ सीसी. मूळ कॉम्प्रेशन रेशो (हवा किती पट दाबली जाते ते प्रमाण) ९:१ धरला तर पिस्टन वर असताना उरणारी जागा ४०.६ सीसी होते. हेड ०.८ मिलिमीटर कापल्यावर ती अंदाजे ३८ सीसीवर आली असेल आणि रेशो ९.६ च्या आसपास गेला असेल. आता त्यात ५ मिलिलिटर तेल ओता: रेशो १०.९. कोणी हात सैल सोडून १० मिलिलिटर ओतले तर १२.७. म्हणजे सिलिंडर अगदी उत्तम असला तरी तेलाने आकडा वाढणारच, आणि जितका दहनकक्ष लहान तितका जास्त वाढणार. हेड कापलेल्या इंजिनावर ही चूक मूळ इंजिनापेक्षा मोठी होते. माझ्या बाबतीत आकडा वाढला तो माझ्या सैल हाताने, आणि दोष मात्र रिंगांच्या माथी गेला.

म्हणून औषधाच्या दुकानातील ५ मिलिलिटरची सिरिंज घ्या आणि चारही सिलिंडरना तंतोतंत तेवढेच तेल द्या, फक्त संशयित सिलिंडरला नव्हे. चांगल्या तीन सिलिंडरांत किती वाढ झाली तिच्याशी चौथ्याची वाढ ताडून पाहिली, तरच तिला अर्थ आहे.

दुसरी गोष्ट गेजच्या नळीची. नळीच्या प्लगकडील टोकाला एक छोटा एकेरी व्हॉल्व्ह असतो. तो हरवला की दुकानदार टायरच्या ट्यूबमधला व्हॉल्व्ह पिन बसवून देतो, कारण दिसायला दोन्ही सारखेच. टायरच्या पिनची स्प्रिंग कडक असते आणि ती उघडायलाच दाब खर्ची पडतो, त्यामुळे आकडा कमी दिसतो. हा व्हॉल्व्ह टोकाला नसून गेजजवळ असेल तर नळीची पोकळी दहनकक्षात मिळवली जाते आणि आकडा पुन्हा कमीच येतो. १००० सीसीखालच्या छोट्या इंजिनांत हा फरक फार जाणवतो. आपले गेज उसने आणलेले असेल तर हे आधी पाहून घ्यावे.

मकरपुऱ्याचा लेथवाला (वडोदरा)

मी हेड कापण्याचे आणि सीट (व्हॉल्व्ह टेकतो ती कडा) बसवण्याचे काम करतो, त्यामुळे माझे लक्ष पलासियाकरांच्या मूळ प्रश्नाकडे आहे: पुस्तकातील आकडा लावावा का? तो थेट लावू नये, पण फेकूनही देऊ नये. त्याचे रूपांतर करावे लागते.

सुझुकीच्या जी-१३ कुळातील इंजिनांसाठी (एस्टीमचे इंजिन याच कुळातले) सर्व्हिस पुस्तकात साधारणपणे १४ किलो प्रति चौरस सेंटिमीटर, म्हणजे १९९ पीएसआय हा प्रमाण आकडा, १२ किलो म्हणजे १७० पीएसआय ही खालची मर्यादा, आणि कोणत्याही दोन सिलिंडरांत १ किलोपेक्षा, म्हणजे सुमारे १४ पीएसआयपेक्षा, जास्त फरक नसावा असे दिलेले असते. हे आकडे मूळ कॅमचे आहेत. आपल्या कॅमसोबत ग्राइंडिंगवाल्याने कागद दिला असेल. त्यावर इनलेट व्हॉल्व्ह तळबिंदूनंतर, म्हणजे पिस्टन अगदी खाली गेल्यानंतर, क्रँकच्या किती अंशांवर बंद होतो ते कळवावे.

पलासियाकर

कागद सापडला. इनलेट व्हॉल्व्ह तळबिंदूनंतर ६५ अंशांवर बंद होतो. टॅपेटची फट (व्हॉल्व्हची दांडी आणि तिला दाबणारा रॉकर यांमधली) थंड इंजिनावर इनलेटला ०.२० आणि एक्झॉस्टला ०.२५ मिलिमीटर दिली आहे.

शनिवारी मोजणी पुन्हा केली. गेज सियागंजातून नवे आट्याचे घेतले आणि शेजाऱ्यांच्या गाडीची बॅटरी जोडून घेतली. गरम इंजिन, चारही प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा. शेवटचे आकडे १६६, १६४, १३२ आणि १६२ आले. पहिल्या झटक्याला सुई अनुक्रमे ९५, ९५, ६५ आणि ९० वर गेली. नंतर सिरिंजने ५ मिलिलिटर तेल चारही सिलिंडरना दिले. आकडे १७५, १७४, १३७ आणि १७२ झाले.

म्हणजे नुसती पद्धत बदलल्याने तीन सिलिंडर अठ्ठावीस पीएसआयने सुधारले, हे पाहून मला गॅरेजवाल्यापेक्षा स्वतःचाच जास्त राग आला. तरीही पुस्तकाच्या १७० खालीच आहेत, ही चिंता कायम आहे.

मकरपुऱ्याचा लेथवाला (वडोदरा)

आता हिशेब मांडता येतो. पिस्टन तळातून वर निघाला तरी इनलेट व्हॉल्व्ह काही काळ उघडाच असतो. इंजिन वेगाने फिरत असताना आत येणाऱ्या हवेला स्वतःचा रेटा असतो, म्हणून हा उशीर फायद्याचा ठरतो. सेल्फच्या मंद फेऱ्यांत मात्र पिस्टन तीच हवा मागे इनलेटमध्ये ढकलून देतो. त्यामुळे खरा दाब सुरू होतो तो व्हॉल्व्ह बंद झाल्यावरच.

मूळ कॅम ४५ अंशांच्या आसपास बंद होतो असे धरू आणि कनेक्टिंग रॉडची लांबी स्ट्रोकच्या १.६ पट धरू. मूळ कॅमवर व्हॉल्व्ह बंद होताना स्ट्रोकचा सुमारे ८९ टक्के भाग शिल्लक असतो. आपल्या ६५ अंशांच्या कॅमवर ७८ टक्केच उरतो. त्यावरून प्रत्यक्षात कामाला येणारा रेशो काढला तर मूळ इंजिनाचा ८.१ आणि आपल्या इंजिनाचा, हेड कापलेले जमेस धरूनही, ७.७ येतो. म्हणजे हेड कापून जे मिळवले ते कॅमने सेल्फच्या फेऱ्यांत परत घेतले आणि वर थोडे आणखी घेतले. हेड कापले म्हणजे २०० च्या पुढे गेलेच पाहिजे, हे मिस्त्रींचे म्हणणे मूळ कॅम ठेवला असता तर खरे ठरले असते. या हिशेबाने १९९ चा आकडा सुमारे १८३ वर उतरतो.

दुसरी वजावट इंदूरची आहे. वडोदरा समुद्रसपाटीपासून जेमतेम पस्तीस-चाळीस मीटरवर आहे, तर इंदूर सुमारे ५५० मीटरवर, माळव्याच्या पठारावर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सुमारे सहा टक्के कमी असतो. सिलिंडरमध्ये हवाच सहा टक्के पातळ जाते, म्हणून बाहेर येणारा दाबही त्याच प्रमाणात घटतो. येथे लक्षात ठेवायचे ते एवढेच की गेज वातावरणाच्या वरचा दाब दाखवते. म्हणून आधी १४.७ मिळवून, मग सहा टक्के कमी करून, शेवटी इंदूरच्या हवेचे १३.८ वजा करावेत. असे केले की १८३ चे सुमारे १७१ होतात. आणि पुस्तकातील १७० ही मर्यादा आपल्या कॅमसाठी व आपल्या गावासाठी १४६ च्या आसपास येऊन थांबते.

तेव्हा १६६, १६४ आणि १६२ हे आकडे बदलांनंतरही अठरा हजार किलोमीटर चाललेल्या, मूळच्याच रिंगांच्या इंजिनाला शोभतील असेच आहेत. हा हिशेब गृहीतकांवर आहे, त्यामुळे पाच-सात पीएसआय इकडे-तिकडे धरा. पण बोअर करण्याचे कारण यात मला कुठेही दिसत नाही. तिसरा सिलिंडर हा वेगळा प्रश्न आहे.

लष्करवाला (ग्वाल्हेर)

तेलाच्या मोजणीतही तेच दिसते. पहिला, दुसरा आणि चौथा अनुक्रमे ९, १० आणि १० पीएसआयने वाढले. ही वाढ तेलाने अडवलेल्या जागेने सहज होते. तिसरा फक्त ५ ने वाढला. रिंगा दोषी असत्या तर तिसरा इतरांपेक्षा जास्त वाढायला हवा होता, तो उलट कमी वाढला आहे. म्हणजे हवा पिस्टनच्या बाजूने नव्हे, वरच्या बाजूने जात आहे.

काही जण असेही सांगतील की सर्वांत कमी सिलिंडर सर्वांत जास्त सिलिंडरच्या पंचाहत्तर टक्क्यांवर असला की चालते. त्या मापाने १३२ हा १६६ च्या एकोणऐंशी टक्के होतो आणि पास ठरतो. परंतु याच इंजिनाच्या पुस्तकात १४ पीएसआयच्या फरकाची मर्यादा दिलेली असताना चौतीसचा फरक पोटात घालणे योग्य नव्हे. कॅम बदलला, गाव बदलले तरी ते चारही सिलिंडरना सारखेच बदलले; त्यामुळे आपापसातील फरकाची मर्यादा मात्र जशीच्या तशी लागू होते.

जुना फिटर (इंदूर)

लष्करवाल्यांचा तेलाबद्दलचा मुद्दा मान्य. आम्ही ऑइलकॅनच्या दोन पिचकाऱ्या मारायचो आणि हाताच्या अंदाजावर विसंबायचो.

आता लीकडाउन (सिलिंडरमध्ये हवा सोडून गळती मोजण्याची तपासणी) करून घ्या. सांवेर रोडकडे इंजिनाची कामे करणाऱ्यांपैकी कोणाकडे तरी दोन गेजवाले यंत्र आणि कॉम्प्रेसर मिळेल. पिस्टन दाबाच्या फेरीच्या अगदी वरच्या बिंदूवर आणायचा, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात, आणि प्लगच्या भोकातून १०० पीएसआय हवा सोडायची. दुसरे गेज किती हवा टिकली ते दाखवते. सात-आठ टक्के गळती सगळ्याच इंजिनांत असते. वीसच्या पुढे गेली की कान लावायचे: कार्ब्युरेटरमध्ये फुसफुस आली तर इनलेट व्हॉल्व्ह, सायलेन्सरमध्ये आली तर एक्झॉस्ट, तेलाच्या झाकणातून आली तर रिंगा, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट किंवा हेडला भेग. पिस्टन अगदी वर नसेल तर हवेच्या दाबाने क्रँक गरकन फिरतो. तेव्हा पुलीवर पाना अडकवून ठेवू नका, बोटे जातात.

बदललेल्या गाडीवर मला लीकडाउन जास्त भरवशाचे वाटते त्याचे कारण असे की त्याला कॅमशी काही देणेघेणे नाही. इंजिन फिरतच नाही, तेव्हा व्हॉल्व्ह केव्हा बंद होतो, सेल्फ किती वेगाने फिरतो, इंदूर किती उंचावर आहे, यांपैकी काहीच त्यात शिरत नाही. कॉम्प्रेशन कमी आणि गळतीही जास्त, तर त्या सिलिंडरमध्ये खरोखर दोष आहे. चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन कमी पण गळती मात्र व्यवस्थित, तर कॅम किंवा टायमिंग बेल्टकडे पाहावे. बेल्ट एक दाता चुकून बसला तरी असेच दिसते.

मकरपुऱ्याचा लेथवाला (वडोदरा)

टायमिंगबद्दल एक जोड देतो. हेड कापले की कॅमची पुली क्रँकच्या तेवढीच जवळ येते आणि बेल्टवर चालणाऱ्या ओव्हरहेड कॅम इंजिनात कॅम थोडा मागे पडतो. ०.८ मिलिमीटरला हा फरक क्रँकच्या एक-दोन अंशांचा असतो. त्याने कॉम्प्रेशन फारसे पडत नाही, पण इनलेट व्हॉल्व्ह ६५ ऐवजी ६६-६७ अंशांवर बंद होत असेल हे ध्यानात असू द्यावे. पुढेमागे सरकवता येणारी पुली असेल तर तो फरक भरून काढता येतो.

लीकडाउनच्या आधी टॅपेटही बघा. फुकटचे काम आहे.

पलासियाकर

टॅपेट पाहिले. तिसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हला फट मोजायची ०.०५ मिलिमीटरची पत्तीही जात नव्हती. कागदाप्रमाणे ती फट ०.२५ हवी होती. बाकीचे सात व्हॉल्व्ह जवळपास बरोबर होते. फट लावून पुन्हा मोजले तर तिसरा १४१ वर आला. मला वाटले काम झाले, पण इतर तिघांपेक्षा तो अजूनही वीसने मागेच होता, म्हणून लीकडाउनही करून घेतले: पहिला ८ टक्के, दुसरा ९, तिसरा २६, चौथा १०. तिसऱ्याची हवा स्पष्टपणे सायलेन्सरमधून येत होती. माझ्या मुलाने टेलपाइपला कान लावून ती ऐकली आणि मला खूण केली.

एकाच व्हॉल्व्हची फट आपोआप कमी कशी झाली, हे मात्र कळले नाही. नट तर घट्ट होता.

मकरपुऱ्याचा लेथवाला (वडोदरा)

नट घट्टच राहतो, व्हॉल्व्ह वर सरकतो. सीट घासली गेली की व्हॉल्व्ह सीटमध्ये रुतत जातो आणि त्याची दांडी रॉकरच्या दिशेने वर येते; जितका रुतला तितकी फट कमी. फट शून्यावर आली की गरम इंजिनात दांडी लांबते आणि व्हॉल्व्ह पूर्ण बसतच नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्हला आपली उष्णता सोडायला सीट हीच मुख्य जागा आहे. ती वाट बंद झाली की कडा जळायला लागते. सीएनजीवर चालणाऱ्या गाड्यांत हे नेहमी दिसते. जेट बदललेल्या गाडीत एखाद्या सिलिंडरला मिश्रण पातळ मिळत असेल तर तिथेही दिसते. हेड उघडल्यावर तिसऱ्या प्लगचा आणि पिस्टनच्या माथ्याचा रंग इतरांशी ताडून पाहा.

हेड उघडावेच लागेल. फट लावून नऊ पीएसआय परत मिळाले ते व्हॉल्व्ह आता बसू लागल्याचे, पण जळलेली कडा टॅपेटने भरून येत नाही. हेड टेबलवर आलेच आहे तर प्रत्येक दहनकक्षाचे आकारमान मोजून घ्या: हेड उलटे ठेवायचे, वर भोक पाडलेली जाड ॲक्रिलिकची काच ग्रीस लावून बसवायची आणि ब्युरेटने केरोसिन सोडून किती मावते ते पाहायचे. आपण सगळे इथे ०.८ मिलिमीटरवरून अंदाज करत आहोत. एकदा मोजले की अंदाज संपतो. आणि हेड आता पुन्हा कापू देऊ नका. सपाटी पट्टीने तपासून घ्या, वाकडे नसेल तर त्याला हात लावायचे कारण नाही.

पलासियाकर

सर्वांचे आभार. हेड उघडले. तिसऱ्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या कडेला एका बाजूला नखाएवढा भाग जळून फिकट झाला होता आणि त्याची सीट इतरांच्या जवळजवळ दुप्पट रुंद झाली होती. सिलिंडरच्या भिंतीवर मूळ होनिंगच्या (कारखान्यात घासून केलेल्या) तिरप्या रेघा अजून दिसत होत्या. ज्या गॅरेजने बोअरचा सल्ला दिला होता त्यांना मी त्या रेघांचा फोटो पाठवला, उत्तर अद्याप आलेले नाही. तिसऱ्या पिस्टनचा माथा इतरांपेक्षा फिका होता. कारण शोधता इनलेट मॅनिफोल्डच्या पॅकिंगला तिसऱ्या पोर्टजवळ चीर सापडली. तिथून जास्तीची हवा आत जात असावी. चारही दहनकक्ष अर्ध्या सीसीच्या आत जुळले.

नवा व्हॉल्व्ह, सीट कटिंग, आठही व्हॉल्व्हचे लॅपिंग (सीटवर घासून नीट बसवणे), नवे हेड गॅस्केट आणि मॅनिफोल्डचे पॅकिंग एवढेच केले. काल गरम इंजिनावर मोजले: १६५, १६४, १६१, १६३. आयडलची थरथर गेली. हे आकडे, त्या दिवशीचा बॅटरीचा व्होल्टेज आणि गेज कोणते वापरले हे एका कागदावर लिहून तो प्लास्टिकमध्ये घालून बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवला आहे.

जुना फिटर (इंदूर)

कागदावर पहिल्या झटक्याचे आकडेही लिहा. आणि पाचशे किलोमीटर झाले की तिसऱ्याचे टॅपेट थंड इंजिनावर पुन्हा बघा, कारण नवी कापलेली सीट सुरुवातीला थोडी बसते आणि फट पुन्हा कमी होते. पत्ती अडकली तर लगेच सांगा, गाडी तशीच घाटात नेऊ नका.

पलासियाकर

होय काका. सध्या तिनशे चाळीस झाले आहेत. पुढच्या रविवारी सकाळी, गाडी सुरू करण्याआधी, बघतो आणि येथेच कळवतो.